सुईआधीची तालीम

मराठीत ‘तालीम’ हा शब्द दोन घरी नांदतो. कोल्हापूरच्या पेठांत पहाटे ज्या तांबड्या मातीत पहिलवान जोर-बैठका काढतो आणि वस्तादाच्या डोळ्यांदेखत एकच डाव पन्नास वेळा घालून पाहतो त्या जागेला तालीम म्हणतात. आणि नाटकमंडळी पडदा वर जाण्यापूर्वी रिकाम्या खुर्च्यांसमोर महिना महिना जी वाक्ये घोटतात त्या घोटण्यालाही तालीमच म्हणतात. अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘शिकवणे’ एवढाच आहे. पण मराठी माणसाने त्याला आपल्या पदरची एक अट जोडली, ती अशी की जे चुकायचे ते चारचौघांसमोर येण्यापूर्वी चुकून घ्यावे. पाठीला माती लागायची ती आधी तालमीत लागावी, संवाद विसरायचा तो आधी तालमीत विसरावा. आश्चर्य आणि खेद याचा वाटतो की, ज्या विद्येत चुकीची भरपाई हरलेल्या कुस्तीने किंवा पडलेल्या प्रयोगाने होत नाही, जिथे ती दुसऱ्याच्या रक्तातून आणि श्वासातून करावी लागते, त्या शस्त्रवैद्यकात ही अट आपण पिढ्यान्‌पिढ्या शिथिल ठेवली. ‘एक पाहा, एक कर, एकाला शिकव’ हा आमच्या धंद्यातला जुना शिरस्ता. त्यात पाहणे आणि करणे यांच्या मध्ये तालमीला जागाच नाही.

हा प्रश्न सर्वस्वी तात्त्विक वाटू नये म्हणून मी एकाच कृतीचा आधार घेऊन बोलणार आहे. अत्यवस्थ रुग्णाच्या मानेतील किंवा गळ्याखालच्या मोठ्या शिरेतून एक नळी हृदयाच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन ठेवावी लागते; तिला रुग्णालयात सगळे ‘सेंट्रल लाइन’ म्हणतात. हाताच्या बारीक शिरेला जाळून टाकतील अशी तीव्र औषधे तिच्यातून देता येतात, रक्तदाब कोसळलेल्या माणसाला सावरता येते, आतडी निकामी झालेल्याला आठवडेच्या आठवडे पोसता येते. या नळीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्ड येथील रुग्णालयात व्हेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने आपल्याच हाताच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर लांबीची नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच स्थितीत चालत जाऊन क्ष-किरणांचे चित्र काढून घेतले. ज्या धाडसाबद्दल त्याला आरंभी उपेक्षाच सोसावी लागली त्याच धाडसाचा गौरव १९५६ च्या नोबेल पारितोषिकाने झाला. पुढे १९५२ साली ओबानियाक या फ्रेंच शल्यवैद्याने गळ्याखालच्या शिरेत थेट सुई घालण्याची रीत सांगितली, आणि १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर याने पोकळ सुई, सुईतून तार, मग सुई काढून घेऊन तारेवरून नळी अशी ती साधी, सुंदर युक्ती जगापुढे ठेवली, जी आजही आम्ही जशीच्या तशी वापरतो. या परंपरेच्या मुळाशी असलेली एक गोष्ट आम्ही विसरलो आहोत: फोर्समनने पहिली जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली होती. आमच्या शिरस्त्यात ती रुग्णाच्या अंगावर गेली.

ही गोष्ट मी कोणा परक्यावर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः निवासी डॉक्टर असताना, एका मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात, अशीच एक रात्र आली. आतडे फुटून पोटात पू झालेले, मोलमजुरी करणारे साठीतले एक गृहस्थ होते. रक्तदाब उतरत चालला होता आणि हाताला शीर सापडत नव्हती. तोवर मी दोन वेळा दुसऱ्याला सेंट्रल लाइन घालताना पाहिले होते, आणि वरिष्ठ दुसऱ्या शस्त्रक्रियेत गुंतले होते. मी पुस्तकातल्याप्रमाणे पलंगाचा पायथा उंच केला, मान वळवली, मानेतील तिरक्या स्नायूचे दोन पाय जिथे फाकतात तो त्रिकोण बोटांनी चाचपला, रोहिणीचा ठोका डाव्या हाताच्या बोटांखाली धरला आणि तिच्या बाहेरच्या अंगाला सुई घातली. हिरव्या निर्जंतुक कापडाखालून त्यांनी विचारले, “झालं का, साहेब?” मी म्हणालो, “होतंय, बाबा.” तिसऱ्या खेपेला रक्त आले, ते काळसर होते म्हणून मी सुखावलो, पण रक्तदाब बसलेल्या माणसाचे रोहिणीतले रक्तही काळवंडलेले असू शकते हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले नाही. सिरिंज काढताच ते ठोक्याठोक्याने उसळू लागले. मी सुई उपसून मान दाबून धरली. तरी घटकाभरात तिथे लिंबाएवढी गाठ आली आणि ती रात्र मी त्यांचा श्वास मोजत पलंगाशेजारी काढली. ते वाचले. सकाळी वरिष्ठांनी माझ्या पाठीवर हात ठेवून, अगदी मायेने, “सुरुवातीला होतं असं,” म्हटले. त्या वाक्याने माझे सांत्वन झाले, आणि त्याच वाक्याने मला पुढे कित्येक वर्षे स्वस्थ बसू दिले नाही. कारण सुरुवात माझी होती, मान त्यांची होती.

बोटाने चाचपून अंदाजाने सुई घालण्याची ही पद्धत चुकीची होती असे नाही. तिच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता, आणि तिच्या बळावर असंख्य माणसे वाचली आहेत. पण ती एका गृहीतावर उभी होती, ते असे की प्रत्येकाच्या मानेत नीला आणि रोहिणी पुस्तकातल्या चित्राप्रमाणेच शेजारी शेजारी नांदतात. प्रत्यक्षात कोणाची नीला रोहिणीच्या डोक्यावर चढलेली असते, कोणाची काडीसारखी बारीक असते, कोणाची पूर्वीच्या नळीमुळे गोठून बंद झालेली असते, आणि मान जितकी अधिक वळवावी तितकी ती रोहिणीवर सरकत जाते. सोनोग्राफीने हे गृहीत मोडले. प्रोब मानेवर आडवा ठेवला की पडद्यावर दोन काळी वर्तुळे दिसतात. हळूच दाब द्यावा, तर एक वर्तुळ पापणी मिटावी तसे मिटून जाते, ती नीला. दुसरे आपला गोल आकार न सोडता धडधडत राहते, ती रोहिणी. जे बोटाला जन्मभर अंधारात शोधावे लागले ते डोळ्याला दोन क्षणांत उजेडात दिसते. ग्रीसमध्ये अतिदक्षता विभागातील ९०० रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात अंदाजाने सुई घातली तेव्हा रोहिणीला इजा होण्याचे प्रमाण १०.६ टक्के होते, सोनोग्राफीच्या साहाय्याने ते १.१ टक्क्यावर आले. त्याच्या आधीच, २००२ साली, ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मानेतील शिरेसाठी सोनोग्राफीचा मार्ग श्रेयस्कर ठरवला होता. तेव्हा यंत्र वापरावे की नाही हा वाद आता संपल्यात जमा आहे.

पण माझा मुद्दा इथे संपत नाही, इथून सुरू होतो. यंत्र आले म्हणजे तालीम आली, हा समज मला अतिशय घातक वाटतो. पडद्यावर शीर दिसणे आणि पडद्यावर सुईचे टोक दिसणे या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. प्रोबचा किरणपट्टा कागदाच्या कडेइतका पातळ असतो. सुई त्याला आडवी छेदून जाते तेव्हा तिचा जो पांढरा ठिपका उमटतो तो टोकाचा आहे की मधल्या दांड्याचा, हे ठिपका सांगत नाही. नवशिक्याला ठिपका शिरेत दिसतो, तो निश्चिंत होतो, आणि टोक मात्र शिरेची मागची भिंत फोडून पलीकडे गेलेले असते. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निवासी डॉक्टरांना मानवी मानेच्या प्रतिकृतीवर सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई घालण्यास सांगितले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांकडून मागची भिंत नकळत भेदली गेली. ज्याला आपण आंधळे आहोत हे माहीत असते तो चाचपत जातो. ज्याला आपण पाहतो आहोत असे वाटते पण दिसत मात्र नाही, तो बेधडक जातो. म्हणून न शिकवलेल्या हातात यंत्र देणे हे कधी कधी यंत्र न देण्याहून अधिक जोखमीचे ठरते.

टोक पाहण्याची विद्या शिकवता येते, आणि ती शिकवताना मी काय सांगतो ते थोडक्यात नमूद करतो. डाव्या हातात प्रोब लेखणीसारखा खाली धरावा आणि करंगळी मानेवर टेकवावी, म्हणजे हात तरंगत नाही. प्रोबची खूण आणि पडद्याची खूण एकाच बाजूला आहे याची बोटाने स्पर्श करून खातरजमा करावी. सुई त्वचेत शिरून पडद्यावर पांढरा ठिपका दिसला की सुई तिथेच थांबवावी आणि प्रोब केसभर पुढे सरकवावा, इतका की ठिपका नाहीसा होईल. मग सुई केसभर पुढे न्यावी, इतकी की ठिपका पुन्हा उगवेल. ठिपका मावळला, ठिपका उगवला. या क्रमाने हात पुढे जाऊ लागला म्हणजे जे दिसते ते टोकच असते, दांडा असूच शकत नाही. तार विनासायास सरकली पाहिजे, अडली तर जोर करायचा नाही, आणि तिचे शेपूट एक क्षणही हातातून सुटता कामा नये. त्याहून महत्त्वाचे हे की, शिरेचे तोंड रुंद करणारा जाड डायलेटर घालण्यापूर्वी तार नीलेतच आहे हे पुन्हा एकदा पडद्यावर पाहून घ्यावे; कारण सुईने रोहिणीला पडलेले भोक बहुधा दाबून मिटते, डायलेटरने पडलेले मिटत नाही. हे सारे सांगायला पाच मिनिटे पुरतात; हाताच्या अंगवळणी पडायला दिवसच्या दिवस लागतात, आणि ते दिवस कोणाच्या मानेवर काढायचे हाच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच परंपरेत फार पूर्वी दिले गेले आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायाचे नावच ‘योग्यासूत्रीय’ असे आहे. योग्या म्हणजे अभ्यास, तालीम. छेदनाची योग्या कोहळ्यावर, दुधी भोपळ्यावर, काकडीवर करावी; आणि शिरा वेधण्याची योग्या मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करावी, असे त्यात सांगितले आहे. शास्त्र कितीही मुखोद्गत असले तरी ज्याने योग्या केली नाही तो प्रत्यक्ष कर्माला अपात्र होय, असा त्या अध्यायाचा निर्वाळा आहे. प्राचीनांना सारे ठाऊक होते असली बढाई मला मारायची नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, ज्या काळात ना यंत्र होते ना निर्जंतुकीकरण, त्या काळच्या गुरूलाही शिष्याची पहिली सुई जिवंत माणसाच्या शिरेत जाऊ देणे अनुचित वाटले. मग आम्हाला ते उचित कसे वाटते?

आजचा कमळाचा देठ फार महाग नाही. आमच्या विभागात संध्याकाळचे राउंड आटोपल्यावर ड्यूटी रूमच्या टेबलावर प्लास्टिक पसरले जाते. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसात दोन बोगदे पाडून त्यांत रबरी हातमोज्याची कापलेली बोटे बसवतात; एकात निळे पाणी सैल भरायचे, दुसऱ्यात लाल पाणी तट्ट फुगेपर्यंत भरायचे, आणि तोंडे दोऱ्याने घट्ट बांधायची. जुन्या सोनोग्राफी यंत्राचा प्रोब दोन-तीन पदरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यावर जेली लावून ठेवला की पडद्यावर हुबेहूब मान उभी राहते: दाबले की निळे मिटते, लाल मिटत नाही. पहिल्या वर्षाची मुले ओळीने बसतात. सिरिंजमध्ये लाल पाणी आले की सगळे गप्प होतात, कारण ते लाल पाणी कशाचे आहे हे सर्वांना कळते. परवा एक मुलगी पंधराव्या खेपेपर्यंत लाल पाणीच काढत होती, सोळाव्या खेपेला तिने सुई थांबवली, प्रोब सरकवला, वाट पाहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “सर, आत्ता टोक दिसलं.” त्या पंधरा लाल सिरिंजा कोणाच्या मानेतून निघाल्या नाहीत, याचे समाधान शब्दांत सांगता येणार नाही.

असा अभ्यास रुग्णाच्या पलंगापर्यंत पोचतो का, अशी शंका कोणी घेईल. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात निवासी डॉक्टरांना आधी प्रतिकृतीवर शिकवून, ठरलेल्या तपशीलवार सूचीप्रमाणे परीक्षा घेऊन, जो उत्तीर्ण होईल त्यालाच रुग्णाला हात लावण्याची मुभा देण्यात आली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अनुभवात तिथल्या अतिदक्षता विभागातील नळीजन्य रक्तसंसर्गाचे प्रमाण दर हजार नळी-दिवसांमागे ३.२० होते ते ०.५० वर उतरले. या पद्धतीचे मर्म प्रतिकृतीत नाही, परीक्षेच्या स्वरूपात आहे. आमच्याकडे निवासी डॉक्टरच्या लॉगबुकात ‘इतक्या केल्या’ अशी संख्या लिहून त्यावर सही घेतली जाते. पण दहा वेळा चुकीची केलेली कृती ही दहा वेळा घोटलेली चूक असते. खरी रीत अशी की काळ प्रत्येकाला हवा तेवढा द्यावा, कसोटी मात्र सर्वांना एकच ठेवावी. वस्ताद पठ्ठ्याला कुस्त्या मोजून मैदानात सोडत नाही. डाव बसला की सोडतो.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. ज्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उटी या खेड्यातून शिकून अमेरिकेत गेले, त्या अतुल गवांदे या शल्यवैद्याने २००२ सालच्या ‘कॉम्प्लिकेशन्स’ या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात आपण सेंट्रल लाइन घालायला कसे शिकलो, कसे वारंवार फसलो, याची प्रांजळ हकीकत लिहिली आहे. त्याच प्रकरणात ते आणखी एक कबुली देतात: त्यांच्या स्वतःच्या तान्ह्या मुलाला हृदयविकार झाला तेव्हा, पुढील तपासणीसाठी शिकाऊ डॉक्टर तत्पर असतानाही, त्यांनी अनुभवी तज्ज्ञाचीच निवड केली. शिकाऊ हातांनी शिकलेच पाहिजे, नाही तर उद्याचे तज्ज्ञ येणार कोठून, हे त्यांना ठाऊक होते. आणि तरी बाप म्हणून त्यांनी जे केले ते मीही केले असते, वाचकांपैकी प्रत्येकाने केले असते. ज्याला निवड करता येते तो अनुभवी हात निवडतो. मग शिकाऊ हात कोणाच्या वाट्याला येतात? ज्याला निवड करता येत नाही त्याच्या. आपल्या देशात याचा अर्थ अगदी उघड आहे: सरकारी रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात, केस पेपरच्या खिडकीपुढे रांग लावून आलेला माणूस, ज्याला समोरचा डॉक्टर कितव्या वर्षाचा आहे हे विचारण्याचे धैर्य नसते आणि तो हक्क आपल्याला आहे याची जाणीवही नसते. त्याच्या देहावर शिकलेली विद्या घेऊन आम्ही पुढे धनवंतांच्या रुग्णालयांत जातो. हे ऋण आहे. पूर्वी ते टाळता येत नव्हते, म्हणून क्षम्य होते. आता त्याचा फार मोठा भाग कोंबडीच्या मांसावर आणि रबरी नळ्यांवर फेडता येतो. आता ते रुग्णाकडून वसूल करणे हा अन्याय आहे, आणि तो अन्याय गरिबावर पडतो म्हणून दुप्पट आहे.

या भूमिकेवर येणाऱ्या आक्षेपांपैकी दोन गंभीरपणे घेण्याजोगे आहेत. पहिला जुन्या, जाणत्या शल्यवैद्यांचा: पडद्याची सवय लागलेली मुले उद्या तालुक्याच्या ठिकाणी, जिथे यंत्र नाही किंवा वीज गेली आहे, तिथे काय करतील? ही चिंता खरी आहे, आणि तिच्यामागे आयुष्यभराचा अनुभव आहे. परंतु बोटांची विद्या वाचवण्याचा मार्गही याच यंत्रातून जातो. मी विद्यार्थ्याला आधी डोळ्यांनी आणि बोटांनी शीर शोधायला लावतो, जिथे ती आहे असे त्याला वाटते तिथे पेनाने खूण करायला लावतो, आणि मग प्रोब ठेवून त्याचा अंदाज तपासून देतो. पूर्वी बोटाचा अंदाज चुकला हे रुग्णाच्या रक्ताने कळे. आता ते सुई लागण्यापूर्वी कळते. अशा रीतीने घडलेले बोट, माझ्या अनुभवाप्रमाणे, आमच्या पिढीच्या बोटाहून अधिक डोळस होते.

दुसरा आक्षेप कारभाराचा आहे, आणि तो आपल्याच मातीतला आहे. सोनोग्राफी यंत्राचा गर्भलिंग ओळखण्यासाठी जो अमानुष दुरुपयोग झाला त्याला पायबंद घालण्यासाठी १९८८ साली महाराष्ट्राने देशात प्रथम कायदा केला, आणि १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. न जन्मलेल्या मुलींच्या वतीने केलेल्या या कायद्याबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे; यंत्रांची नोंदणी, दफ्तरे आणि तपासण्या यांत मी तसूभरही सवलत मागणार नाही. पण या कायद्याच्या धाकाचे निमित्त करून एखाद्या संस्थेचे यंत्र कुलपात राहते, किल्ली एकाच खात्याकडे असते, आणि रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागातल्या निवासी डॉक्टरला ती मिळत नाही; हा कायद्याचा दोष नाही, आमच्या दिरंगाईचा आहे. मानेतली शीर पाहण्याशी त्या कायद्याचे वैर नाही. रीतसर नोंदणी करून, रीतसर परवानगीने, अतिदक्षता विभागासाठी आणि शिक्षणासाठी स्वतंत्र यंत्राची तजवीज करणे हे अधिष्ठात्यांचे आणि खात्याचे कर्तव्य आहे, आणि त्याची टाळाटाळ होते तेव्हा तिची किंमत कोण मोजतो हे वर सांगितलेच आहे.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रियेच्या पहिल्या वर्षाच्या आरंभीच या कृतीची तालीम सक्तीची असावी. तिची कसोटी पार केल्याचा दाखला असल्याखेरीज कोणाही निवासी डॉक्टरने जिवंत माणसाच्या मानेला सुई लावू नये. आणि दाखला मिळाल्यावरही पहिल्या काही खेपांना शिकवणारा शेजारी हातमोजे घालून उभा असावा. रात्रीच्या पाळीत, वॉर्ड भरलेला असताना, हे अवघड आहे हे मी जाणतो, कारण त्या पाळ्या मी केल्या आहेत. पण शिकवण्याचा भार शिकवणाऱ्याने उचलायचा असतो; तो रुग्णाच्या मानेवर ठेवायचा नसतो.

त्या रात्रीच्या बाबांना तीन आठवड्यांनी घरी सोडले. निघताना त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. मानेवरचा डाग तोवर हिरवा-पिवळा होऊन खाली छातीपर्यंत उतरला होता, आणि तो कशाचा हे त्यांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही. आज आमच्या मुलांपैकी कोणी पहिल्यांदा खऱ्या मानेपुढे उभे राहते आणि कापडाखालून तोच प्रश्न येतो, “झालं का, साहेब?”, तेव्हा त्या हातामागे तालमीतल्या लाल पाण्याच्या सगळ्या सिरिंजा उभ्या असतात. मी शेजारी असतो आणि पडद्याकडे पाहतो. ठिपका मावळतो, ठिपका उगवतो. त्या बाबांना मी जे सांगू शकलो नाही त्याची परतफेड माझ्या हाती एवढीच आहे.